खालीची मात्रा

अवंतिका एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर मी आडवा, आणि भिंतीच्या बाजूला माझी बेस गिटार आडवी, अशा थाटात आम्ही मुंबईहून इंदूरला निघालो होतो. बोरिवली गेल्यावर बायकोने खालून एकदाच विचारलं, "ही आणायची खरंच गरज होती?" पंधरा दिवसांची अर्जित रजा, कित्येक वर्षं पडून राहिलेली एलटीसी, सासुरवाडीचा पाहुणचार, आणि त्यात हे पावणेचार फुटांचं धूड. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी तर पिशवीची चेन उघडायला लावली, तारा मोजल्या आणि सहानुभूतीने म्हणाले, "दोन तुटल्या वाटतं?"

तुटल्या नव्हत्या. बेसला बहुतेक वेळा चारच तारा असतात, जाडजूड आणि खर्जातल्या. गाणं ऐकताना बेसकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ती काढून टाकली की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. तबल्याच्या जोडीतला डग्गा काढून टाकला तर जे होईल, तेच. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना ठाऊक असतं? पण त्यांचा खर्ज आपण सगळ्यांनी जन्मभर ऐकलेला आहे. असो.

गरज होती की नाही, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आमचा पाच जणांचा एक बँड होता. दोन सरकारी कारकून, एक शाळामास्तर, एक पोदेर आणि ड्रम्सवर एक मोटार मेकॅनिक. लग्नाची रिसेप्शनं, चवथीचे सार्वजनिक मंडप, नाताळातली एखाददुसरी रात्र, एवढीच आमची धाव. तरी पंधरा वर्षं वाजवलं. २०१९ मध्ये ड्रमर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला, स्विंडनला गेला. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर विचारा, स्विंडनला गेलेला एक तरी माणूस सापडेल. मग करोना आला आणि बेस कपाटाच्या मागे गेली.

यंदा एका मंडळाने पुन्हा बोलावलं. ड्रम्सवर पोदेराचा एकोणीस वर्षांचा मुलगा बसायला तयार झाला. दोनदा तालमीला बसलो. दुसऱ्या तालमीनंतर त्याने काठ्या पिशवीत घालता घालता अगदी निरागसपणे विचारलं, "अंकल, तुमी मदीं मदीं धांवतात कित्याक?"

मी धावतो? पंधरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत मनात त्याच्याशी भांडत आलो. कालचा पोर! यालाच लय धरता येत नसणार. आता हे सिद्ध करायचं तर एक त्रयस्थ साक्षीदार हवा, जो ना माझ्या बाजूचा ना त्याच्या. म्हणून बेस इंदूरला निघाली. दिवसभर पाहुणचार आणि रात्री सराव, असा बेत होता. आणि जमलं तर सरावासाठी एक साधी ड्रम मशीन तिथेच घ्यायची.

माझी सासुरवाडी साउथ तुकोगंजमध्ये, नाथ मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. तुकोगंज हे नाव होळकरांच्या तुकोजीरावांवरून पडलेलं. इथे फाटकांवरच्या पाट्यांवर अजून देवनागरीत मराठी आडनावं दिसतात, आणि कानांवर पडणारं मराठी हिंदीच्या ठसक्यात येतं. सकाळी पोहे-जिलबी, त्यावर शेव. आम्हा गोवेकरांना पोह्यांबरोबर जिलबी पचवायला पहिले दोन दिवस लागतात, तिसऱ्या दिवशी तिच्याशिवाय चालत नाही.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, बँकेतून निवृत्त. चाळीस वर्षं ते ओळखीपाळखीच्या गायकांना आणि भजनी मंडळींना तबल्याची साथ करत. आता बोटांच्या सांध्यांत संधिवात आहे, तबल्याची जोडी दिवाणाखाली कापडात गुंडाळून ठेवलेली असते. मी बेस भिंतीला टेकवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली आणि विचारलं, "जावईबापू, याचं काय करून राहिलात?" मी म्हटलं, सराव. "साथीला कोण?" मी म्हटलं, मशीन आणणार आहे. अण्णा नुसतं हसले.

मशीन निवडायची म्हणजे काय, हे मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. मोबाइलवर ठेका देणारी ॲप्स फुकट मिळतात, हे मला ठाऊक होतं. पण मोबाइल सरावाला घेतला की ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी "सर्वांना शुभ सकाळ" टाकतंच, आणि तिसऱ्या मिनिटाला मी एखादं परिपत्रक वाचत बसलेलो असतो. नुसता मेट्रोनोम घ्यावा तर तो टिक टिक करतो, पण टिक टिक म्हणजे ठेका नव्हे. बेस वाजवणाऱ्याचं लग्न ड्रम्सच्या किकशी लागलेलं असतं. किक म्हणजे पायाने वाजवायचा तो मोठा ढोल. त्याचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडले तर दोन्ही मिळून एकच वाद्य वाटतं. एकाने जराशी घाई केली की ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते कळत नाही, पण पाय हलायचा थांबतो.

मेहुण्याच्या मुलाने नेटवर शोधाशोध करून एक दुकान काढलं. रिक्षाने पंधरा मिनिटं. दुकानदाराने काउंटरवर मशीनच मशीन मांडल्या. त्यात अलेसिस कंपनीची एसआर-१६ होती. १९९०च्या सुमारास निघालेली ही मशीन फार वर्षं बाजारात टिकली. तिच्यात २३३ आवाज, ५० तयार ठेके आणि स्वतःचे ५० भरायची जागा. दोन पायपट्ट्या जोडता येतात, एकीने चालू-बंद आणि दुसरीने ठेका पालटायचा. माझे डोळे चमकले. मुलगा म्हणाला, "आतोबा, हीच घ्या." मी तासभर तिच्याशी खेळलो. निरनिराळे स्नेअर, निरनिराळ्या झांजा. आणि तासाभराने लक्षात आलं की या सगळ्या वेळात मी बेसची एक तारही छेडली नव्हती.

सरकारी नोकरीत हा रोग मी ओळखतो. फाइलला सुंदर फ्लॅप लावायचे, रंगीत टॅग लावायचे, आणि टिपण लिहायचं राहून जायचं.

मी काही न घेता परत आलो आणि रात्री जेवताना अण्णांना २३३ आवाजांची कथा सांगितली. ते म्हणाले, "आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांना ऐकलंय न?" ऐकलंय, म्हटलं. "मग तबला काय वाजतो तिथं?" मी आठवू लागलो. अतिविलंबित झुमरा, चौदा मात्रा, आणि तबल्यावर साधा, स्वच्छ ठेका. बाकी काही नाही. "बस. एवढा मोठा गवई, बाप सारंगिया, आणि साथीला मागतो काय? तर साधा ठेका. तुम्हाला २३३ कशाला पाहिजेत?" ज्या इंदुरात नाना पानशांसारखा पखवाजाचा थोर गुरू होऊन गेला, तिथल्या माणसाने लयीबद्दल बोलावं आणि मी गप्प बसावं, हेच योग्य.

या यंत्रांची एक गंमत मला तेव्हा आठवली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ ही ड्रम मशीन काढली. तिच्या पाठोपाठ टीबी-३०३ हे एक छोटं चंदेरी यंत्र काढलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी, म्हणजेच माझ्यासारख्यांची गरज उरू नये, हा त्याचा उद्देश. ते चाललं नाही. खऱ्या बेससारखं वाजतच नव्हतं. मग जुन्या बाजारात कवडीमोलाने विकलं गेलं आणि शिकागोच्या पोरांनी त्यातून नाचाचं एक नवंच संगीत काढलं. पण त्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ही दोन्ही यंत्रं जोडून दहा रागांची एक रेकॉर्ड केली होती. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा, स्वतः बेस गिटारही वाजवणारा हा माणूस. तेव्हा त्या रेकॉर्डकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. २०१५ मध्ये ते वारले, पण त्याआधी थोडं कौतुक त्यांच्या वाट्याला आलं. मात्र त्यांना यंत्रातून रेकॉर्ड करायची होती. मला फक्त माझी चूक पाहायची होती. दोन्ही कामांना एकच यंत्र लागतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो आणि दुकानदाराला सरळ सांगितलं, सगळ्यांत साधी दाखवा. लय आकड्यात दिसली पाहिजे, ऐंशी म्हणजे मिनिटाला ऐंशी ठोके. किक स्पष्ट ऐकू आली पाहिजे. झांज वेगळी बंद करता आली पाहिजे. हेडफोन लागला पाहिजे, कारण घरात अण्णा नऊला झोपतात. आणि स्वतःचा एखादा ठेका भरता आला पाहिजे. त्याने कपाटाच्या तळातून एक वापरलेली डबी काढली. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी, एका कोपऱ्याचं रबर गेलेलं. साडेतीन हजार. बरोबरचा ॲडॉप्टर तिचाच आहे का, तेवढं तपासून घेतलं. (अशी यंत्रं घेताना हे विसरू नका. काहींना एसी लागतो, काहींना डीसी, आणि पिन दिसायला सारखीच असते.)

त्या रात्री मी साक्षीदाराला कामाला लावलं. लय ऐंशी. पहिल्या ठोक्याला आणि तिसऱ्याला किक, दुसऱ्याला आणि चौथ्याला स्नेअर. दहा मिनिटांत माझी खात्री पटली की मशीन बिघडलेली आहे. ती मागे पडत होती. थोडा वेळ बरोबर, मग मागे, मग मी थांबून तिला गाठायचं. मी मुलाला म्हटलं, "ही परत करू या, हिची लय ढिली आहे." त्याने काही वाद घातला नाही. त्याने मशीन बंद केली, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाला, "आतोबा, आता एकटे वाजवा. चार मिनिटं."

रेकॉर्डिंगमधली पहिली पंधरा सेकंदं मोजली. वीस ठोके. म्हणजे बरोबर ऐंशी. मग शेवटची पंधरा सेकंदं मोजली. बावीस. म्हणजे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा मोजली. बावीसच.

चार मिनिटांत मी ऐंशीवरून अठ्ठ्याऐंशीवर पोचलो होतो, आणि मला वाटत होतं मी जागच्या जागी आहे. ज्या गोव्यात खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयभास्कर झाला, हाताने एक आणि पायाने दुसरी लय दाखवणारा, त्या गोव्यात जन्मून माझी ही गत!

झोप लागली नाही. पोराचं बरोबर होतं, याचं वाईट वाटून घ्यायचं वय नाही. पण मग पंधरा वर्षं? मंडपांत, लग्नांत, नाताळात आमची गाणी कशी पार पडली? लोक नाचत होते, कुणाचा पाय अडखळला नव्हता.

सकाळी अंगणात चहा घेताना मी अण्णांना आकडे सांगितले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "साथीदार कोण होता?" मी मेकॅनिकबद्दल सांगितलं. अण्णा कप खाली ठेवून म्हणाले, "मग तो सांभाळून घेत असणार. मी जन्मभर तेच केलं. गाणारा अर्धी मात्रा आधी समेवर आला, की आपणही येऊन जायचं. लोकांना वाटतं, वा, काय सम पकडली. गाणाऱ्यालाही तसंच वाटतं." थोडं थांबून म्हणाले, "चांगल्या साथीदाराचा हाच दोष. तो तुम्हाला शिकू देत नाही."

मशीन सांभाळून घेत नाही, एवढाच तिचा गुण. ती ऐकतच नाही, मग दया कशी दाखवणार? आणि सरावाला तेच हवं असतं. आमच्या कार्यालयात मी नवा लागलो तेव्हा एक वयस्क हेडक्लार्क माझ्या टिपणांतल्या चुका मला न सांगता गुपचूप दुरुस्त करून फाइल वर पाठवत. ते निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या सात फाइली परत आल्या. त्या माणसावर रागवावं की त्याचे पाय धरावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी अण्णांनी मशीन ऐकायला मागितली. हेडफोन काढून मी ती अण्णांच्या खुर्चीशेजारी ठेवली. झांज आठ वेळा, त्यात दोन किक, दोन स्नेअर. ते मान हलवत ऐकत होते. "आठ मात्रा. म्हणजे कहरवाच की हा." मग कपाळाला आठी पडली. "पण हिला खाली नाही."

मला आधी कळेना. त्यांनी समजावलं. कहरव्यात पहिल्या मात्रेला सम, पाचवीला खाली. खालीला डग्ग्याची घुमार बंद असते, नुसता टणत्कार. त्या रिकाम्या जागेमुळेच वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपण आवर्तनात कुठे आहोत. "तुमच्या मशीनला सगळीकडे भरलेलं आहे. तिसऱ्या ठोक्यालाही तोच ढोल. मग तुम्ही तिला धरून चालता. हात सुटला की पडता. खाली करा. तो ढोल काढून टाका."

डबीत स्वतःचा ठेका भरायची सोय होती. सोळा घरांची पट्टी, प्रत्येक घराला एक दिवा. मी नवव्या घरातली किक काढून टाकली. सोळांतलं नववं घर म्हणजे आठांतली पाचवी मात्रा. मशीन चालू केली आणि पायाखालची एक पायरी निघाल्यासारखं झालं. समेवर किक येत होती, पण अर्ध्या वाटेवर कुणी नव्हतं. तिथला खर्ज माझा मलाच टाकायचा होता, आधाराशिवाय, आणि नेमका तिथेच मी दर वेळी जरासा आधी पडत होतो. एकटं राहायची भीती वाटून माणूस चाल वाढवतो, तसं.

पुढचे दहा दिवस हाच सराव. रोज रात्री पाऊण तास. आधी लय साठ, इतकी संथ की जांभई यावी. घाई करणाऱ्याला जलद लयीत लपता येतं, संथ लयीत नाही. मग झांज बंद, नुसती सम आणि स्नेअर. मग स्नेअरही बंद. शेवटी चार आवर्तनं ठेका आणि एक आवर्तन संपूर्ण मौन, असं भरलं. त्या मौनात मी एकटा वाजवत जायचा आणि पुढच्या समेवर मशीनची किक पडेल तेव्हा माझा स्वर तिच्यावर पडला पाहिजे. पहिल्या रात्री दहाच्या दहा वेळा मी आधी पोचलो. एकदाही उशीर नाही! निघायच्या आदल्या रात्री दहापैकी सहा वेळा बरोबर पोचलो. अण्णा त्या दिवशी नऊला झोपले नव्हते. हेडफोनमुळे त्यांना मशीन ऐकू येत नव्हती, फक्त माझ्या तारांचा बारीक आवाज. पण खुर्चीच्या हातावर त्यांची सुजलेली बोटं खालीला उघडत होती आणि समेला टेकत होती. मी त्यांच्याकडे बघून वाजवत होतो हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "मला बघू नका. मीही सांभाळून घेईन."

अण्णांकडे कपाटात एक इलेक्ट्रॉनिक तबला होता. बेंगळुरूच्या रॅडेल कंपनीची ही यंत्रं, स्वतः बासरी वाजवणाऱ्या जी. राज नारायण नावाच्या एका इंजिनियरने बनवलेली, आता गाणाऱ्यांच्या घरोघरी असतात. मुलांनी हौसेने आणून दिलेला, अण्णांनी कधी लावला नव्हता. "माझी जागा घेतली याने," असं ते गमतीत म्हणत. मी निघताना तो टेबलावर काढलेला दिसला. विचारलं नाही.

गोव्यात परतल्यावर एका रात्री मी स्विंडनला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, तो नुकताच कामावरून आला होता. इकडचं तिकडचं बोललो, मासळीचा भाव, पाऊस. मग मी विचारलं, "आपण वाजवायचो तेव्हा मी घाई करायचो का रे?" पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग तो हसला. "तूं धांवतालो, हांव फाटल्यान येतालों."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कित्याक सांगूं? वाजतालें न्ही?"

वाजत होतं, हे खरं. मी त्याला बरंच काही बोलणार होतो. पंधरा वर्षांचे आभार एका फोनवर कसे मानायचे ते सुचलं नाही. डिसेंबरात येणार का, एवढंच विचारलं. बघतो, म्हणाला.

चवथ आता दोन महिन्यांवर आली आहे. तालमी पुन्हा सुरू झाल्यात. डबी रोज रात्री साठावर चालू होते. अजूनही दहापैकी दोन-तीनदा मी आधी पोचतो. परवा तालमीला बसण्याआधी पोदेराच्या मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हांव धांवलों जाल्यार फाटल्यान येवं नाका."